ज्येष्ठेची मागली बाजू

ज्येष्ठेचा चेहरा आशाबाईंनी आदल्या दिवशी पुन्हा रंगवला आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. लेक सासरी पाठवताना कोणी विटक्या लुगड्यात पाठवतं का? मग घरची महालक्ष्मी संग्रहालयात जायची, चार गावचे लोक तिला पाहायला येणार, तर ती उडालेल्या रंगाची कशी चालेल? म्हणून त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून गुलाबी ऑइलपेंटची डबी आणवली, ओसरीत पाट टाकून बसल्या आणि थरथरत्या हाताने ज्येष्ठेच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर एक जाड हात दिला. शेवटी काजळाने डोळे काढले. डोळे येईपर्यंत तो मुखवटा म्हणजे भाजलेल्या मातीचं भांडंच. इकडे ठेवा, तिकडे सरकवा, काही नाही. डोळे आले की मात्र आशाबाई पदर डोक्यावर घेत आणि मगच तिच्याशी बोलत. हे त्यांना त्यांच्या सासूने, माणिकबाईने शिकवलेलं. माणिकबाई जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून आशाबाईंचा पदर दुसऱ्या कोणासमोर डोक्यावर गेलेला नव्हता.

भाद्रपद सरत आला होता. वर्धा नदी घाटाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत भरून वाहत होती, हवा ओली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंग काही सुकला नाही.

आशाबाईंच्या पुतणीने, प्राजक्ताने, तो वास जिनिंगच्या दारातच ओळखला. जुनी चित्रं आणि मूर्ती जपण्याचं काम ती नागपुरात करते. ऑइलपेंटचा वास तिला, दुसऱ्यांना स्वयंपाकघरातल्या गॅसचा करतो तसा, अस्वस्थ करतो.

"मोठ्याई, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? रंगवली. पाय बरं, कशी तेज दिसून राहिली!"

"मी फोनवर सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

"हात कुठं लावला वं? ब्रशनं तं रंगवली."

प्राजक्ता हसली, कारण रडण्यात अर्थ नव्हता. आशाबाईंनाही आपलं काही चुकलं असावं अशी शंका आली, पण ती त्यांनी दाखवली नाही.

सावळघाटचं जिनिंग बंद पडून जमाना झाला. कापसाच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, यंत्रं भंगारात गेली, राहिली ती उंच पत्र्याची लांबलचक शेड, नदीकडे तोंड करून. तिच्या भिंतीवर, उंच माणसाच्या कपाळाइतकी, पुराची रेघ आहे. प्राजक्ताच्या आजोबांच्या काळात पाणी तिथपर्यंत आलं होतं. खुशालराव मास्तरांनी, म्हणजे शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या आणि तितकीच वर्षं गावाची अडगळ गोळा केलेल्या माणसाने, नगरपंचायतीकडून ही शेड मागून घेतली आणि गावाचं संग्रहालय मांडलं. भोयांचा जुना डोंगा, मासोळ्यांची जाळी, डांगरवाडीतल्या, म्हणजे खरबुजांच्या मळ्यातल्या, रखवालीची गोफण, नदीत सापडलेली मडकी, घाटावरच्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या. मास्तरांचा एकच नियम होता. मोलाची वस्तू रेघेच्या वर, बाकी सगळं रेघेच्या खाली.

घटस्थापनेला उद्घाटन होतं. मधल्या भिंतीवरची, रेघेच्या वरची, सगळ्यात चांगली जागा मास्तरांनी होले घराण्याच्या दोन महालक्ष्म्यांसाठी ठेवली होती. त्यासाठीच आज दोन्हीकडचे होले एकत्र आले होते. लग्न किंवा मयत नसताना असं घडण्याची ही पहिलीच वेळ.

"रामरावजी आले नाईत अजून?" मास्तरांनी विचारलं.

"येऊन राहिले काका," गोपाल म्हणाला. आशाबाईंचा हा मुलगा फुलशेती करतो. दसऱ्याचा झेंडू तोंडावर होता, तरी संग्रहालयाच्या समितीत आपलं नाव आहे म्हणून तो सकाळपासून इथे खुर्च्या लावत होता. "पुलावर आहेत म्हणे. गाडी हळू चालवाले लावली त्याईनं. कनिष्ठा मांडीवर आहे ना."

रामराव खरंच अकोल्यापासून कनिष्ठेला मांडीवर घेऊन आले होते. सीटबेल्टसुद्धा दोघांच्या भोवती मिळून एकच लावला होता. सत्तरी ओलांडलेला, बियाण्यांच्या दुकानावर तीन मुलींची लग्नं केलेला, पांढऱ्या टोपीतला हा माणूस गाडीतून उतरला तेव्हा त्याचे पाय मुंग्यांनी भरले होते. धाकटी मुलगी प्राजक्ता पुढे झाली तरी त्यांनी गाठोडं तिच्या हाती दिलं नाही.

"वहिनी," त्यांनी आशाबाईंना हात जोडले, तेही गाठोड्यासकट. "आनली तुमची जाऊ."

"माही कायची? ज्येष्ठेची बहीण हाय थे. बसा भाऊजी. साधना, पानी दे."

एकतीस वर्षांपूर्वी या घरात वाटणी झाली. नदीकाठचं वावर आणि फुलांचा धंदा थोरल्याकडे, म्हणजे आशाबाईंच्या नवऱ्याकडे; अकोल्याचा प्लॉट आणि रोकड धाकट्याकडे, रामरावांकडे. भांडी, बैल, पाट, पलंग, सगळ्याचे दोन दोन हिस्से पडले, आणि त्या चढलेल्या तापात अख्ख्या वऱ्हाडात कोणी केली नसेल अशी एक वाटणी या लोकांनी केली. महालक्ष्म्याही वाटल्या. ज्येष्ठा थोरल्याकडे, कनिष्ठा धाकट्याकडे. दोघांनीही जोडीला बाजारातून एकेक नवा मुखवटा आणला आणि सण चालू ठेवला. माणिकबाई त्या वर्षी जेवणाच्या दिवशी पानावरून उठून गेली. पुढच्या भाद्रपदापर्यंत ती राहिली नाही.

रामरावांनी टेबलावर कनिष्ठेला ज्येष्ठेच्या शेजारी ठेवलं. दोन्ही चेहरे एकाच साच्यातले, पण एकतीस वर्षांच्या वेगवेगळ्या रंगांनी वेगळे झालेले. अकोल्याची सावळी, रेखीव, चमकदार टिकल्यांची. सावळघाटची गुलाबी आणि फुगलेली. या घरात जुना रंग खरवडत नाहीत. लक्ष्मीचा चेहरा खरवडायचा नसतो. वरून नवा हात द्यायचा. शंभर वर्षांच्या हातांनी ज्येष्ठेचं नाक बटाट्याएवढं झालं होतं. घर भरलं तशी लक्ष्मी भरली, असं आशाबाई अभिमानाने सांगत.

"बाबा, इकडे या," प्राजक्ता म्हणाली. "एक दाखवते. मग सही करायची की नाही ते ठरवा."

रामरावांनी अजून सही केली नव्हती. तो कागद गेले चार महिने दोन घरांमध्ये फिरत होता. मुखवटे संग्रहालयात राहतील, भाद्रपदात तीन दिवस घरी पूजेला येतील, असं त्यात होतं. रामरावांना ते पटत नव्हतं. देव काचेत ठेवायचा म्हणजे त्याला दवाखान्यात ठेवल्यासारखं होतं, असं ते म्हणत.

प्राजक्ताने कनिष्ठेच्या कानामागचा एक जुना टवका दाखवला आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. रामराव वाकले. टवक्याच्या कडेला रंगांच्या बारीक रेघा एकावर एक बसल्या होत्या, केळीच्या सोपटासारख्या. वरती त्यांच्या बायकोचा सावळा रंग, त्याखाली वहिनीचा गुलाबी, वाटणीच्या आधीचा. आणि त्याच्या खाली पिवळा.

"हा पिवळा कोनाचा?"

"मला काय माहीत? तुम्हीच सांगा. त्यात हळद आहे. हळद आणि डिंक."

रामराव भिंगातून डोळा काढेनात. आई चुलीपाशी वाटीत हळद खलायची आणि त्यांना म्हणायची, बोट घालू नको रे, लक्ष्मीचं आहे. त्यांनी बोट घातलं होतं. चव अजून तोंडात होती. पासष्ट वर्षांपूर्वीची ती वाटी आणि समोरची ही केसाएवढी रेघ एकच आहे, हे त्यांना आता कळलं.

"माय आहे हे," ते हळूच म्हणाले. "वहिनी, पाहा. माय आहे."

आशाबाईंनीही पाहिलं. भिंग परत देताना त्यांनी ते पदराने पुसून दिलं.

"म्हणून म्हणते," प्राजक्ता म्हणाली, "हे सगळे हात जपायचे असतील तर आता थांबायचं. सही झाली की यापुढे रंग नाही. कोणाचाच."

पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या साधनाने हे ऐकलं.

साधना गोपालची बायको, अंजनगाव सुर्जीची. तिचे वडील दुकानांच्या पाट्या आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत. ब्रश तिच्या हाताला लहानपणापासून ओळखीचा होता. या घरात ती आली तेव्हा तिला सांगण्यात आलं की लक्ष्मीचा चेहरा घरची थोरली सून रंगवते, पण सासूने ब्रश हातात दिल्यावर. माणिकबाईने आशाबाईंना सहाव्या वर्षी दिला. साधना बावीस वर्षं वाट पाहत होती. आशाबाई वाईट नव्हत्या. त्यांचं आपलं, औंदा मी करते, पुढल्या साली तू, असं दर पोळ्याला चालत आलं. पुढचं सगळं सासूचं, मागचं सुनेचं. म्हणजे ब्रश धुणं, डब्या पुसणं, आणि मुखवटा कोठीवर, म्हणजे धडाच्या जागी असलेल्या पत्र्याच्या पिंपावर, नीट बसावा म्हणून त्याच्या पोकळीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरणं. सण संपला की त्या काढून, मुखवटा पुसून, पुन्हा भरून पेटीत ठेवणं.

पहिल्याच वर्षी धुवायला आलेल्या ब्रशावर जरासा लाल उरला होता. लक्ष्मीचा रंग मोरीत कसा सोडायचा म्हणून तिने तो पोकळीच्या आतल्या बाजूला, कपाळाच्या जागी टेकवला. एक टिकली झाली. पुढच्या वर्षी टिकली तिच्याकडे पाहत होती, म्हणून उरलेल्या तपकिरीची एक भुवई. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरी. मग ओठांचा वरचा काठ. ब्रशावर जेवढं उरेल तेवढंच, वर्षाला एक काम, माजघराच्या कोपऱ्यात पेटीसमोर बसून. बावीस भाद्रपद. वर पुन्हा चिंध्या.

त्यात काही चोरी आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. आणि त्याहून मोठं म्हणजे, आता रंग नाही, कोणाचाच, हे शब्द. म्हणजे तो ब्रश आपल्या हाती कधीच यायचा नाही. तिने ट्रे खाली ठेवला.

"सही करतो मी," रामराव म्हणाले. "मायची रेघ राहिली पायजे."

गोपालचा चेहरा फुलला. मास्तरांनी पेन पुढे केलं.

"थांबा, आधी नोंद करू," प्राजक्ता म्हणाली. "मातीची जाडी मोजायची आहे. मागून पाहावं लागेल." तिने कनिष्ठा उलटी करून पोकळीतला बोळा काढला. अकोल्याचं एक जुनं वर्तमानपत्र निघालं, कापसाच्या भावाच्या पानासकट. सगळे हसले. मग ती ज्येष्ठेकडे वळली. तिला टेबलावर पालथी घालता येईना, रंग ओला होता. प्राजक्ताने मुखवटा दोन्ही कानांपाशी चिमटीत धरून उभा केला, पोकळी सगळ्यांच्या समोर येईल असा.

"वहिनी, जरा चिंध्या काढता का?"

साधना हलली नाही.

"साधनावहिनी?"

"राहू दे ना," साधना म्हणाली. "मंग काढू."

"अवं काढ ना," गोपाल म्हणाला. "त्यात काय आहे?"

आणि ती पुढे होत नाही असं पाहून गोपालनेच हात घालून चिंध्यांचा गोळा ओढला.

दुपारचे चार वाजले असतील. ऊन पश्चिमेच्या बाजूने नदीवर पडत होतं आणि भरल्या पाण्यावरून उलटं फिरून खिडकीतून वर येत होतं. पत्र्याच्या आढ्यावर ते हलत होतं. तो खालून येणारा उजेड ज्येष्ठेच्या पोकळीत शिरला.

आत एक चेहरा होता. पण तो आत नव्हता. तो बाहेर आला होता. खोलगट मातीतून गाल वर उचलले होते, नाक पुढे आलं होतं, अंधारातून कोणी बाई खिडकीशी यावी तशी ती त्यांच्याकडे आली होती. रामराव दचकून मागे सरले, आणि ते सरले तसा तो चेहरा त्यांच्यामागे वळला.

"माय वं," आशाबाई म्हणाल्या.

मास्तर डावीकडे गेले. चेहरा डावीकडे वळला. गोपाल उजवीकडे उभा होता, तो म्हणाला, "नाई, माह्याकडे वळली थे." कोणाचंच खोटं नव्हतं. टेबलाशी मुखवटा धरून उभी असलेली प्राजक्ता एकटीच तो पाहू शकत नव्हती, म्हणून तिने मास्तरांना धरायला दिलं आणि स्वतः चार पावलं मागे गेली. तिला यामागचं शास्त्र ठाऊक होतं. शिकत असताना तिने वाचलं होतं, की पोकळ चेहरा आपल्या मेंदूला माहीतच नसतो, चेहरा म्हटला की तो बाहेर आलेलाच असणार असं तो धरून चालतो, आणि मग पोकळी फुगते, चालणाऱ्याबरोबर वळते. तिने ते सगळ्यांना सांगितलंही.

"असंल," रामराव म्हणाले, आणि पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे चालून पाहिलं.

सगळ्यात जास्त चकित साधना होती. तिने हा चेहरा कधी हातभर अंतराहून लांबून पाहिलाच नव्हता. माजघराच्या अंधारात तो नुसता वाटीत काढलेला चेहरा होता. हे तिचंच काम होतं आणि तिला ते ओळखू येत नव्हतं. कोणी तरी मोठ्या माणसाने केलेलं असावं असं वाटत होतं.

"हे कितीशे वर्साचं असंल?" मास्तर कुजबुजले. "प्राजक्ता, हे तं सगळ्यात जुनं काम दिसते."

"जुनं नाही," प्राजक्ता म्हणाली. ती जवळ गेली होती. "हा लाल बाजारातला आहे. ऑइलपेंट. हे दहा-वीस वर्षांतलं आहे."

मुखवटा एकाच घरात होता, आणि चिंध्या एकच बाई भरत होती. सगळे साधनाकडे वळले, त्या चेहऱ्यासारखेच.

"मी काढला," साधना म्हणाली.

"तू?" गोपालला हसावं की रागवावं कळेना, आणि मग रागावणं त्याला सोपं गेलं. "मले नाई सांगितलं? समितीत मी आहे, सही होऊन राहिली, आन माह्या घरात काय आहे ते मलेच माहीत नाई?"

"सही होऊन नाई राहिली," रामरावांनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांच्या आवाजातली आई गेली होती आणि घराण्याचा जुना कारभारी परत आला होता. "मी ताठर मानूस नाई. पन एका लक्ष्मीले दोन तोंडं? पुढून एक, मागून एक? वहिनी, हे पूजेत चालत नाई. ज्येष्ठा बाटली असं म्हनत नाई मी, पन आता हिले भाद्रपदात कोठीवर कशी बसवान तुमी? हे नदीत सोडा लागते. आन कनिष्ठा एकटी इथं राहत नाई. मी वापस नेतो."

"काका, सोडा काय लागते?" गोपाल म्हणाला. बायकोवर रागावलेला तो आता तिच्या बाजूला येऊन उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नसावं. "पाहा तं खरं एकवार तिच्याकडे."

"पाह्यलं म्हनूनच म्हनतो. भेव लागलं मले."

"मी पुसून टाकते," साधना म्हणाली. "टर्पेंटाइन लावलं तं निघंल सारं. ज्येष्ठेले सोडू नका."

"कोनी काई पुसत नाई," आशाबाई म्हणाल्या.

त्या इतका वेळ मास्तरांच्या समोर उभ्या होत्या. पहिल्यांदा त्यांना राग आला होता, खरा राग. लक्ष्मीच्या पोटात, आपल्या मागे, बावीस वर्षं! मग त्यांनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. त्यांनी स्वतः अडतीस वेळा ज्येष्ठा रंगवली होती. जाड गुलाबी हात, दोन भुवया, झाली. असा चेहरा आपल्याला एकदाही काढता आला नाही, हे त्यांना त्या एका क्षणात कळलं, आणि ते त्यांना फार लागलं. गेल्या पाच-सात वर्षांत तर हात थरथरतो हे ठाऊक असूनही आपण ब्रश सोडला नाही. कशाला? काढून घेतल्यासारखं वाटेल म्हणून.

त्यांनी मुखवट्याच्या आत बोट नेलं, न टेकवता.

"हा लाल मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माही नात खुशी झाली त्या सालचा हाय. धामणगावाहून आनला होता गोपालनं, भलताच पातळ निघाला."

"हो," साधना म्हणाली.

"आन हा नथीचा हिरवा? दाराले लावला होता तो?"

"दारातला नाई. तुमी ज्येष्ठेच्या चोळीचा काठ त्यानं काढला होता. त्यातला उरला."

"सारं माहंच उरलेलं हाय तं."

"ब्रशावर जेवढं राहे तेवढंच घेतलं आई. डबीत कधी बोट नाई घातलं."

आशाबाईंनी मान हलवली. एकेक रंग त्या ओळखत गेल्या, वर्षं सांगत गेल्या. गोपालचे बाबा गेले ते साल. पुरात झेंडू वाहून गेला ते. दवाखान्यात राहिल्या ते, त्या सालचा रंग फिका होता, कारण त्या घाईत एकच हात देऊन उठल्या होत्या. त्यांच्या हातातून सुटलेलं सगळं या बाईने आत जमा करून ठेवलं होतं. रामरावही नकळत जवळ सरकले होते.

"सारं हाय," आशाबाई शेवटी म्हणाल्या. "मंग बुबुळं काहून नाई?"

आता सगळ्यांच्या लक्षात आलं. पापण्या होत्या, डोळ्यांचा पांढरा भाग होता, आणि आत काही नव्हतं.

साधनाने खाली पाहिलं. "काळा रंग माह्याकडे कधी आलाच नाई. काजळ तुमी धुवाले देत नव्हत्या. उरलेलं खुशीच्या कानामागं लावत होत्या." आणि मग, "आन डोळे काढाचा हात तुमचा आहे. तुमी देल्याबिगर मी कशी काढू?"

आशाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. प्रवासात डोळे पुसले गेले तर पुन्हा काढता यावेत म्हणून त्या काजळाची डबी आणि कापूस गुंडाळलेली काडी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती दोन्ही साधनासमोर धरली. डबीचं झाकण वाजत होतं.

"घे."

"आई..."

"घे म्हनते ना. सहा वर्सांत मिळाली होती मले. तुले मी बावीस लावले. अजून किती लावू?"

प्राजक्ताने तोंड उघडलं होतं. सही झाली की रंग नाही, असं तिनेच अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. मग तिने टेबलावरच्या कागदातल्या सहीच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मास्तरांनी मुखवटा घट्ट धरला. साधनाने पदराने हात पुसले, डबीत काडी बुडवली आणि हात पोकळीत घातला. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. डावा डोळा, मग उजवा. नंतर ती बाजूला झाली.

आतली लक्ष्मी त्यांच्याकडे पाहत होती. गोपालकडे, प्राजक्ताकडे, रामरावांकडे, सगळ्यांकडे एकदम आणि प्रत्येकाकडे वेगळी. नदीवरचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून हलत होता, त्यामुळे ती श्वास घेत असल्यासारखी वाटत होती. साधना रडत होती आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं.

रामराव आशाबाईंकडे पाहत राहिले. घरात आता सगळ्यांत मोठ्या त्याच होत्या. चालतं की चालत नाही, कोठीवर बसायचं की नदीत जायचं, हे तिथून ठरणार होतं.

आशाबाई चार पावलं डावीकडे गेल्या. चेहरा त्यांच्याबरोबर आला. चार पावलं उजवीकडे. तरी आला. मग त्या मधोमध, तिच्या समोर थांबल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हिले अशी लावा का दोन्हीकडून दिसंल. आन रेघेच्या वर लावा."

आणि हळूच, खांद्यावरून घसरलेला पदर दोन्ही हातांनी उचलून, त्यांनी डोक्यावर घेतला.

रामरावांनी टोपी काढली आणि हात जोडले.